साकीनाक्याहून बावीस मिनिटं

दादा गेल्याची बातमी मला कुठे कळली, असं गेल्या दीड महिन्यात ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी एकच उत्तर दिलं. बंगलोरच्या विमानतळावर. कामासाठी मुंबईला निघालोच होतो, नशीब म्हणायचं… वगैरे. हे इतक्या वेळा सांगून झालंय की आता सांगताना जीभ अडखळतही नाही. पण ते खोटं आहे. त्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याला होतो. घाटकोपरच्या आमच्या घरापासून बावीस मिनिटांवर. हा आकडाही माझा नाही, दादानेच मोजलेला आहे. दादाबद्दल लिहा, असं रविवारच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा त्याचे चार गुण, चार गमती लिहून मोकळं व्हावं असं मनात आलं होतं. गुण होते, गमतीही होत्या. पण कुठूनही सुरुवात केली तरी गाडी त्या बावीस मिनिटांपाशी येऊन अडते, म्हणून तीच आधी सांगून टाकली.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तो वीस. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो टपालात चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत विमानतळाजवळच्या सॉर्टिंग ऑफिसातच राहिला. देशभरची विमानाने जाणारी पत्रं तिथे गावांप्रमाणे वेगळी व्हायची, पिशव्यांत भरली जायची, पिशवीच्या तोंडाला सुतळी, सुतळीवर सील, आणि ठरलेल्या मिनिटाला पिशवी बंद. बंद झाल्यानंतर प्रत्यक्ष साहेबाचं पत्र आलं तरी ते पुढच्या विमानाने. या कामामुळे दादाच्या डोक्यात सगळा देश तासा-मिनिटांत मांडलेला होता. नागपूर कुठे आहे, असं विचारलं की तो म्हणायचा, सव्वा तासावर. पाचवीत असताना मी भूगोलाच्या पेपरात मुंबई-दिल्ली अंतर ‘दोन तास’ असं लिहून आलो होतो आणि बाईंनी त्याला भोपळा दिला होता. दादा पेपर हातात घेऊन बराच वेळ हसला. मग मला म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, पण तुझंही चूक नाही. किलोमीटर नकाशाला लागतात. घरी वाट बघणाऱ्याला वेळ लागतो.

आमचं घर घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावर. खाडीच्या बाजूने येणारी विमानं आमच्या गॅलरीवरून चाकं बाहेर काढून खाली खाली जातात आणि पलीकडे विमानतळावर टेकतात. नवा पाहुणा पहिल्या विमानाला दचकतो, दुसऱ्याला वर बघतो, तिसऱ्याला विचारतो, तुम्ही झोपता कसे? आम्ही मजेत झोपत असू. उलट वारा फिरला आणि विमानं समुद्राकडून उतरायला लागली की घर सुतकात असल्यासारखं वाटायचं. त्या आवाजामुळे आमच्या घरात एक रीत पडून गेली होती. विमान डोक्यावर आलं की बोलणारा असेल तिथे थांबायचा, अगदी वाक्याच्या मध्ये, आणि विमान गेलं की सोडलेल्या शब्दापासूनच पुढे सुरू करायचा. आई मला ओरडतानासुद्धा हात वर धरून थांबायची आणि विमान गेलं की उरलेलं ओरडायची. वहिनीच्या घरची मंडळी बोलणी करायला आली तेव्हा तिच्या वडिलांनी दादाला सरळच विचारलं, मुलगी पसंत आहे का? दादा म्हणाला, “मला मुलगी…” आणि विमान आलं. आम्ही सगळे सवयीने गप्प. पाहुणे एकमेकांची तोंडं बघतायत. विमान गेल्यावर दादा शांतपणे म्हणाला, “…पसंत आहे.” वहिनी अजून सांगते, तेवढ्या वेळात मी पदर सावरून उठायला निघाले होते. हे मी एवढं तपशिलात सांगतोय, कारण ही सवय पुढे माझ्या अंगावर येणार होती.

नोकरीसाठी मी बंगलोरला गेलो त्याला आता तीस वर्षं होत आली. सुरुवातीला पत्रं लिहायचो. एकदा दादाला लिहिलं की इथून मुंबई दीड तासावर तर आहे, मनात आलं की येईन. त्याचं उत्तर आलं, त्याच्या त्या ठसठशीत, पत्त्यासारख्या अक्षरात. विमान दीडच तास घेतं, बाकीचा सगळा वेळ माणसं घेतात. तुझं हे पत्र दीड तासात मुंबईत उतरलं आणि माझ्या हातात तिसऱ्या दिवशी पडलं. तेव्हा मला ते टपालाबद्दल वाटलं होतं. पुढे फोन आले, पत्रं थांबली, आणि मी तेच वाक्य फोनवर म्हणायला लागलो. दीड तास तर आहे रे दादा. तो दर वेळी दुरुस्ती करायचा. दीड नाही, घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत साडेसहा. तुझ्याकडचा ट्रॅफिक दोन, विमानतळावरचं बसणं दीड, विमान पावणेदोन धर कारण मुंबईवर आल्यावर घिरट्या घालतात, सामानाचा पट्टा आणि रस्ता मिळून सव्वा. मग थांबून म्हणायचा, साडेसहा तर साडेसहा, ये.

आणि मी येणार असलो की त्याची ड्यूटी सुरू व्हायची. आम्ही मूळचे मालवणकडचे, मला वहिनीच्या हातची कुळथाची पिठी आणि भात लागतो. पिठीचं कसं आहे, ती जीभ भाजेल अशी गरम आणि पातळच खायची. दहा मिनिटं राहिली की थिजून गोळा होतो आणि मग ती कोणी खाऊ नये. त्यामुळे वेळ सांभाळायचं काम दादाकडे. हातावर वडिलांचं चावीचं घड्याळ लावून तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. शेपटीचा रंग आणि वेळ जुळली की आत ओरडायचा, “गेला डोक्यावरून. कुकर लाव.” मग घड्याळावरची नजर गल्लीच्या तोंडाकडे वळायची. माझी रिक्षा वळताना दिसली की दुसरी हाक, “घाल पिठी.” मी जिने चढून, चपला काढून, हातपाय धुऊन पाटावर बसायचो आणि ताटात वाफाळती पिठी पडायची. इतक्या वर्षांत एकदाही ती थिजलेली मिळाली नाही. दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं, हे मी सांगायचं विसरलो. विसरलो म्हणजे, तसं कधी जाणवूच दिलं नाही त्यांनी.

निवृत्तीनंतर मी त्याला आग्रहाने बंगलोरला बोलावलं, विमानाने. जन्मभर विमानांचे पत्ते लावलेला माणूस पहिल्यांदा विमानात बसला. येताना खूश होता. आमच्याकडे आठ दिवस राहिला आणि चौथ्या दिवसापासून कंटाळला. म्हणाला, काय रे, तुमच्याकडे एक विमान ऐकू येत नाही. माणूस बोलतच सुटतो इथे, थांबायला जागाच नाही. मी हसलो होतो. परतीच्या प्रवासात त्याला वरून आपली गॅलरी बघायची होती, पण जागा दुसऱ्या बाजूच्या खिडकीची मिळाली. वहिनीला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून ती इकडे गॅलरीत उभी राहून रंगीत टॉवेल हलवत होती. आपण कोणाला हात करत होतो देव जाणे, असं ती नंतर म्हणाली. पुढच्या वेळी डावीकडची खिडकी घेऊ, असं मी दादाला कबूल केलं. पुढची वेळ आली नाही.

आता माझं. गेल्या तीन वर्षांत माझ्या कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक साकीनाक्याला झालं. महिन्या-दोन महिन्यांनी मला तिथे यावं लागायचं. पहाटेचं विमान, दिवसभर मिटिंग, संध्याकाळच्या विमानाने परत. पहिल्या वेळी खरोखरच वेळ नव्हता. मनात म्हटलं, उगाच दादाला सांगून हळहळ कशाला, पुढल्या वेळी सवडीने जाऊ. दुसऱ्या वेळी चार तास मोकळे होते. पण गेलो असतो तर बोलण्यात पहिली खेप निघाली असती, आणि दादाच्या चेहऱ्यावर जे काही आलं असतं ते बघायची माझी तयारी नव्हती. म्हणून गेलो नाही. तिसऱ्या वेळी दोन खेपा लपवायच्या होत्या. असं ते वाढत गेलं. आणि खरं सांगायचं तर नुसती ती भीतीच होती असंही नाही. घरी गेलं की दोन-तीन तास मोडायचे, दादाचे तेच तेच प्रश्न, वहिनीचं ‘आणखी वाढू का’, निघताना दोघांचं गॅलरीत उभं राहणं… या सगळ्याचा मला कंटाळा यायला लागला होता. ज्या माणसाने मला वाढवलं त्याचा मला कंटाळा यायचा. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं होतं.

त्याच मिटिंगांमधल्या एका दुपारी दादाचा फोन आला. गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी. मी साकीनाक्याच्या त्या ऑफिसखालच्या गल्लीत चहा पीत उभा होतो, बाजूला लेथचा खडखडाट चाललेला. जरा बाजूला होऊन फोन घेतला. गणपतीला येतोस ना, असं त्याने विचारलं. मी बघतो म्हटलं. तो म्हणाला, “थांब.” त्याच्या डोक्यावरून विमान चाललं होतं, फोनमधून ऐकू येत होतं. ते गेल्यावर म्हणाला, “हां, बोल.” मी सुरू केलं. म्हटलं, “सुट्टीचं अवघड आहे रे दादा. इकडे बंगलोरला सध्या कामाचा…” आणि तेच विमान माझ्या डोक्यावर आलं. साकीनाका विमानतळाला आमच्या घरापेक्षा जवळ, तिथे ते आणखी खाली असतं. आणि मी, पंचावन्न वर्षांचा शहाणा माणूस, लहानपणच्या सवयीने थांबलो. बोटसुद्धा वर केलं असेल. विमान गेलं, आणि मी सोडल्या शब्दापासून वाक्य पुरं केलं. “…डोंगर पडलाय.”

दुसऱ्या कोणी ते पकडलं नसतं. बंगलोरला काय विमानं उडत नाहीत? पण हा माणूस माझ्या घरी आठ दिवस राहून, विमान ऐकू येत नाही म्हणून कंटाळला होता. आणि पंतनगरावरून गेलेलं विमान साकीनाक्याच्या बाजूला किती सेकंदांत पोचतं, हे सांगायला त्याला घड्याळाचीही गरज नव्हती. पस्तीस. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “तिकडे हवा कशी आहे?” मी म्हटलं, थंड आहे, पाऊस पडून गेला. खरं तर माझ्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. तो म्हणाला, “बरं. काम कर. जेवणाची आबाळ करू नको.” आणि फोन ठेवला. त्याला काही कळलं नसेल, असं मी स्वतःला संध्याकाळपर्यंत समजावत राहिलो. परतीच्या विमानात खिडकीची जागा होती, ती मी शेजाऱ्याला देऊन टाकली.

त्या दिवसानंतर दादाने मला ‘कधी येतोस’ असं परत विचारलं नाही. मला त्याचं, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखंच वाटलं. फोन पूर्वीसारखे येत होते. वहिनीचे गुडघे, सोसायटीच्या मिटिंगमधली भांडणं, शेजारच्या शहांच्या नातीचं लग्न. एकदा मात्र मध्येच, कशाचा काही संबंध नसताना तो म्हणाला, “मेट्रोने फार सोय झाली रे. साकीनाक्याहून आपल्या दारात बावीस मिनिटं. जिने धरून.” मी म्हटलं, हो का. माझ्या तोंडून एवढंच निघालं. हो का.

आता त्या दिवसाबद्दल. सकाळचे पावणेअकरा झाले होते. मिटिंगची पहिली फेरी संपली होती, साडेअकराला माझं बोलणं होतं. वहिनीचा फोन. “भाऊजी, ह्यांच्या छातीत भरून आलंय. शहाभाई गाडी काढतायत, हॉस्पिटलात नेतोय. तुम्ही या.” वहिनीचा आवाज घाबरलेला होता, पण आधीच्या वर्षात दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा पित्त निघालं होतं. मी म्हटलं, निघतो, मिळेल ते विमान पकडतो. आणि फोन ठेवल्यावर मी काय केलं? मी दादाची बेरीज उलटी मांडली. आत्ता बंगलोरहून निघालेला माणूस घाटकोपरला कधी पोचेल? संध्याकाळी सव्वापाच. विमानतळावरच होतो असं सांगितलं तर अडीच. अडीच चालण्यासारखं होतं. म्हणजे भाषण पुरं करून, जेवून, सावकाश जाता येईल. बावीस मिनिटांत दारात उभा राहिलो तर तीन वर्षं उघडी पडतील… माझा भाऊ गाडीच्या मागच्या सीटवर वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून चालला होता, आणि मी आपलं खोटं खरं दिसायला किती उशीर करावा लागेल ते ठरवत होतो.

बारा वाजून पाच मिनिटांनी दुसरा फोन आला. शहाभाईंचा. परबभाई गेले, एवढंच ते म्हणाले. मी मिटिंगमधून बॅग उचलून निघालो, साकीनाक्याच्या मेट्रो स्टेशनचे जिने चढलो आणि फलाटावर बसलो. तेव्हा तरी जायचं. आता काय लपवायचं होतं? पण पाऊणच्या आत तिथे पोचलो असतो तर प्रश्न आले असते, आणि मी अडीचच्या हिशेबाला चिकटून बसलो. पाच-पाच मिनिटांनी मेट्रो येत होती, दारं उघडत होती, बंद होत होती. आत जागा असायची. पोलिसाने एकदा येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी मान हलवली. दोन तास मी तिथे बसून होतो. दादाच्या पिशव्या मिनिटाला बंद व्हायच्या आणि विमान पकडायच्या. मी समोरून जाणाऱ्या पंचवीसेक गाड्या सोडल्या.

अडीचला हॉस्पिटलात पोचलो. दारातच शहाभाईंनी मिठी मारली, आणि जमलेल्या चार शेजाऱ्यांना उद्देशून म्हणाले, “भाई हो तो ऐसा. फोन किया और बंगलोर से दौडके आ गया.” सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. कोणीतरी पाणी आणून दिलं. वहिनी बाकावर बसली होती. मला बघून तिने नुसता शेजारच्या जागेवर हात ठेवला, की बसा. मुठीत वडिलांचं घड्याळ होतं. अग्नी मीच दिला. माझी बायको संध्याकाळच्या विमानाने आली. मी पहाटेच मुंबईला निघालो होतो हे तिला ठाऊक होतं, पण शहाभाईंचं ते कौतुक तिच्या कानावर पडलं तेव्हा तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. तिने आजपर्यंत मला काही विचारलेलं नाही.

तेराव्याला, मंडळी गेल्यावर वहिनी मला दादाच्या शेवटच्या तासाबद्दल सांगत होती. मी विचारलं नव्हतं. माणसाला कोणाला तरी सांगावं लागतं. म्हणाली, हॉस्पिटलात नेल्यावर शुद्धीवर होते, बोलत होते. मला विचारलं, सुहासला फोन केलास? मी म्हटलं, केला, निघालेत. तर घड्याळात बघितलं आणि म्हणाले, मग बावीस मिनिटं. “मला वाटलं, भ्रम झालाय,” वहिनी म्हणाली. “बंगलोर कुठे, बावीस मिनिटं कुठे. पण दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते. नर्सने ते काढायला सांगितलं तर काढू देईनात. मग पाऊण तासाने आपणच काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यानंतर नाही बघितलं.” मी तिच्याकडे न बघता ऐकत होतो. मग तिला काहीतरी आठवलं. म्हणाली, बावीस मिनिटं हे त्यांचं जुनंच होतं. गणपती झाल्यावर एकदा सकाळी कपडे करून बाहेर पडले. कुठे तर साकीनाक्याला. तिथे आपलं कोण आहे, मी विचारलं, तर घड्याळाला चावी दिली आणि जिना उतरले. तिथे जाऊन मेट्रोने परत आले, घड्याळ लावून, जिने चढून. धाप लागली होती. दारात उभे राहून म्हणाले, बावीस मिनिटं, फार काही लांब नाही.

त्या रागीट माणसाने मला फोनवर दोन शिव्या घालायला हव्या होत्या. हो, दादा रागीट होता, ऑफिसात पिशवी मिनिटभर उशिरा बांधली तर समोरच्याची वाट लावायचा. मला त्याने रस्ता मोजून दिला. साकीनाक्यापर्यंत आलायस ना, मग पुढचं इतकंच आहे, एवढं त्याला सांगायचं होतं, आणि तेही मला अडचण होऊ नये अशा बेताने त्याने सांगितलं होतं. मी त्याला हो का म्हटलं होतं. आता माफी मागायची तर कोणाकडे?

गेल्या आठवड्यात मी मुंबईला गेलो. या वेळी काम नव्हतं. वहिनीला फ्लाइट नंबर कळवला नव्हता, कारण तो सांगून उपयोग नव्हता, शेपटीचे रंग ओळखणारा गेला होता. तिने पिठी केली होती. कधीपासून करून ठेवली होती कोण जाणे, ताटात पडली तेव्हा तिचा गोळा झाला होता. वहिनी म्हणाली, राहू द्या, पाणी घालून परत गरम करते. मी म्हटलं, नको, आणि तशीच खाल्ली. नंतर आम्ही गॅलरीत बसलो. दादाची खुर्ची मधे मोकळी होती, कठड्याच्या खिळ्याला घड्याळ अडकवलेलं होतं, चालू. रोज सकाळी चावी देते, वहिनी म्हणाली, बंद पडलं तर मला लावता येणार नाही बरोबर.

हा लेख छापून येण्याआधी तिला सांगायचं, हे मी बंगलोरहून ठरवून आलो होतो. रविवारची पुरवणी ती पहिल्या पानापासून वाचते. मी म्हटलं, “वहिनी, त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी…” आणि विमान आलं. दोघंही थांबलो. ते खाली खाली जात शहांच्या बिल्डिंगवरून पलीकडे गेलं. आवाज गेला. वहिनी माझ्याकडे बघत होती, वाक्याचा उरलेला भाग ऐकायला. दुसरं काहीही घालून ते वाक्य पुरं करता आलं असतं. माझी नजर घड्याळावर होती आणि मी सेकंद मोजत होतो. पस्तीस झाले. म्हणजे आता ते साकीनाक्याला.

“…साकीनाक्याला होतो,” मी म्हटलं. “आधीही खूपदा होतो. दादाला कळलं होतं.”

आणखी दोन विमानं गेली. मग तिने एवढंच विचारलं की शहाभाईंचा फोन आला तेव्हाही तिथेच होतात का. मी हो म्हटलं. ती उठून आत गेली. भांडी घासायचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जोरात. रडण्याचा आला नाही. मी दोनदा आत जायला उठलो आणि परत बसलो. तासाभराने मी बॅग घेतली, निघतो म्हणून सांगितलं. ती हात पुसत दारापर्यंत आली. दर वेळी येते तशी गॅलरीत गेली नाही. मी चपला घालून जिन्याकडे वळलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“पोचलात की फोन करा, भाऊजी,” ती म्हणाली. “आणि कुठे पोचलात, तेही सांगा.”